गोल्फच्या गोष्टी मराठीत येऊ द्या : पुण्याच्या क्रीडा संपादकांना खुलं पत्र

पुण्यातल्या मराठी दैनिकांचे क्रीडा संपादक आणि क्रीडा वार्ताहर यांस,

सप्रेम नमस्कार.

विषय : गोल्फच्या खऱ्या गोष्टींना क्रीडा पानावर जागा मिळण्याबाबत.

मी येरवड्यातल्या एका शाळेत पीटी शिकवतो. शाळेच्या सूचना फलकावर रोज एका मराठी दैनिकाचं क्रीडा पान लावायचं, हा आमचा जुना नेम आहे. मधल्या सुट्टीत मुलं तिथे गर्दी करतात. क्रिकेट तर वाचतातच, पण कबड्डी, खो-खो, कुस्ती, बुद्धिबळाच्या बातम्याही शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. गोल्फची बातमी मात्र कुणी वाचत नाही, आणि त्यात मुलांचा दोष नाही. त्या बातमीत विजेत्याचं नाव असतं, ‘सहा अंडर पार’ असा काहीतरी आकडा असतो, मग पाहुण्यांची नावं आणि करंडकासोबतचा फोटो. होल म्हणजे चेंडू घालायचा खड्डा, पार म्हणजे त्या होलसाठी ठरवून दिलेले फटके आणि ज्याचे फटके कमी तो जिंकला, एवढंही कुठे लिहिलेलं नसतं. चेंडू कुणाचा झाडीत गेला, खेळ कुठे फिरला, कुणाचा हात ऐन वेळी थरथरला, यातलं काहीच नसतं. आयोजकांच्या प्रसिद्धीपत्रकात जे येतं तेच छापावं लागत असेल, हे मला कळतं. म्हणूनच हे पत्र. माझी मागणी साधी आहे : गोल्फच्या निकालांसोबत गोल्फच्या गोष्टीही छापा.

हा चार श्रीमंतांचा खेळ, त्याला वाचक कुठला, असं तुमच्यापैकी कुणाला वाटेल. माझ्या वर्गात येऊन बघा. आमच्या भागातल्या एका चौकाचं नावच गोल्फ क्लब चौक आहे. माझ्या काही विद्यार्थ्यांचे वडील, मामा, मोठे भाऊ पहाटे उठून कॅडीच्या कामाला जातात. बॅग खांद्यावर घेऊन अठरा होल चालायचं, वारा बघायचा, अंतर सांगायचं, कुठला क्लब, म्हणजे कुठली काठी, काढायची ते सुचवायचं. ज्या घरात गोल्फ खेळायला पैसे नाहीत, त्या घरात गोल्फवर चूल पेटते. त्या घरातल्या मुलांना ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) आणि पटर (चेंडू होलमध्ये ढकलायची काठी) यांतला फरक सहज सांगता येतो, पण त्यांच्या भाषेतल्या वर्तमानपत्रात त्यांच्या घरच्या या कामाबद्दल वाचण्यासारखं काहीच मिळत नाही.

पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला किंवा ऑफ तास मिळाला की मी वर्गात खेळांच्या गोष्टी सांगतो. गोल्फच्या गोष्टींइतकं मुलांना धरून ठेवणारं दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही. कुठल्या गोष्टी, ते सांगतो, म्हणजे माझं म्हणणं हवेतलं वाटणार नाही.

सुरुवात बहुतेक वेळा चंद्रापासून करतो. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ मोहिमेचा कमांडर ॲलन शेपर्ड याने चंद्रावर दोन चेंडू मारले. सहा नंबरच्या आयर्न क्लबचं नुसतं डोकं त्याने मोज्यात घालून नेलं होतं. माती गोळा करायच्या अवजाराच्या दांड्याला ते जोडलं. अंतराळपोशाख इतका ताठ की दोन्ही हातांनी धरून फिरवता येईना, म्हणून एका हाताने फटका. आधी चेंडूपेक्षा धूळच जास्त उडाली. मग एकदाचा चेंडू नीट लागला आणि शेपर्ड आनंदाने म्हणाला, “मैल, मैल आणि मैल!” पुढे पन्नास वर्षं ही गोष्ट तशीच सांगितली गेली. २०२१ मध्ये मोहिमेची जुनी छायाचित्रं नव्या तंत्राने तपासली गेली, तेव्हा कळलं की पहिला चेंडू २४ यार्ड गेला होता आणि दुसरा ४० यार्ड. आमच्या पटांगणात तेवढं अंतर मी मुलांना चालून दाखवतो. मैलांच्या गोष्टीपेक्षा चाळीस यार्डांची गोष्ट त्यांना जास्त आवडते, कारण एवढा थोर माणूस एवढ्याशा फटक्याने एवढा खूश झाला, हे त्यांना फार जवळचं वाटतं.

पण मला स्वतःला सगळ्यात प्रिय गोष्ट रॉबर्टो दे व्हिसेन्झोची आहे, आणि ती मराठीत एकदा तरी सविस्तर छापून यावी असं मला मनापासून वाटतं. १४ एप्रिल १९६८, अमेरिकेतल्या ऑगस्टा इथे मास्टर्स स्पर्धेचा शेवटचा दिवस. अर्जेंटिनाच्या या खेळाडूचा तो पंचेचाळिसावा वाढदिवस होता. प्रेक्षकांनी त्याच्यासाठी वाढदिवसाचं गाणं म्हटलं. पहिल्याच होलवर त्याचा दुसरा फटका लांबून थेट होलमध्ये गेला. त्या दिवशी तो असा काही खेळला की अखेरीस बॉब गोल्बीशी त्याची बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशी दोघांमध्ये अठरा होलचा निर्णायक सामना व्हायचा होता.

इथे एक नियम सांगावा लागतो. गोल्फमध्ये आपल्या फटक्यांचे आकडे कार्डावर आपण लिहायचे नसतात. सोबत खेळणारा लिहितो, आपण तपासायचे आणि सही करायची. दे व्हिसेन्झोचं कार्ड टॉमी ॲरन लिहीत होता. सतराव्या होलवर दे व्हिसेन्झोला तीन फटके लागले होते. मैदानावरच्या गर्दीने ते पाहिलं, टीव्हीसमोर बसलेल्या लोकांनी पाहिलं. ॲरनने कार्डावर चार लिहिले. दे व्हिसेन्झोने कार्ड नीट न बघता सही केली. नियम असा की खऱ्यापेक्षा कमी आकड्यावर सही केली तर खेळाडू बाद, आणि जास्त आकड्यावर सही केली तर तो जास्तीचा आकडा कायम. पासष्टचे सहासष्ट झाले, बरोबरी गेली आणि स्पर्धाही गेली. त्याने ॲरनला बोल लावला नाही, नियमाला लावला नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, “मी किती मूर्ख आहे!”

ही गोष्ट संपल्यावर वर्गात भांडणं होतात. अर्धी मुलं म्हणतात हा अन्याय आहे, सगळ्यांनी तीन बघितले तर तीनच धरायला हवेत. अर्धी म्हणतात सही म्हणजे सही. मी निकाल देत नाही. फक्त पुढचा भाग सांगतो : पाच वर्षांनी, १९७३ मध्ये, त्याच टॉमी ॲरनने मास्टर्स जिंकली. आणि शेवटच्या दिवशी त्याच्या कार्डावरही सोबत्याच्या हातून एक आकडा चुकीचा पडला होता. ॲरनने तो सहीच्या आधी पकडला. हे ऐकून वर्ग टाळ्या वाजवतो. परीक्षेत पेपर देण्याआधी परत तपासा, हे शिक्षक वर्षभर सांगत असतात. ते या एका गोष्टीने जेवढं उतरतं, तेवढं कशानेच उतरत नाही.

क्रेग स्टॅडलरची गोष्ट याहून मजेशीर. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टोरी पाइन्स मैदानावर त्याचा चेंडू एका झाडाच्या खाली वाकलेल्या फांद्यांत गेला. उभं राहून फटका मारणं शक्य नव्हतं. जमीन ओली होती, पँट खराब होऊ नये म्हणून त्याने टॉवेल अंथरला, गुडघे टेकले आणि चेंडू बाहेर काढला. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर ते दृश्य पुन्हा दाखवलं आणि प्रेक्षकांचे फोन आले : हे नियमात बसत नाही! उभं राहायची जागा स्वतः तयार करता येत नाही, आणि टॉवेल अंथरणं म्हणजे जागा तयार करणं. दंडाचे दोन फटके न धरता त्याने आदल्या दिवशीच कार्डावर सही केली होती, म्हणून तो थेट बाद. दुसऱ्या क्रमांकाचं ३७ हजार डॉलरहून जास्त बक्षीस एका टॉवेलपायी गेलं. पुढे ते झाड रोगाने मेलं. १९९५ मध्ये मैदानाच्या लोकांनी ते तोडायला खास स्टॅडलरला बोलावलं. तो आला आणि हातात करवत घेऊन त्याने ते झाड पाडलं. घरबसल्या फोन करून खेळाडूची चूक दाखवायची सोय २०१८ पासून बंद झाली. ते योग्यच झालं असं माझं मत आहे.

नियम असे कडक असले तरी कधीकधी खेळाडूच्या बाजूनेही उभे राहतात. १९९९ मध्ये फिनिक्स इथे टायगर वुड्सचा चेंडू एका प्रचंड दगडामागे थांबला. सुटी पडलेली नैसर्गिक वस्तू बाजूला करता येते, असा नियम आहे. पान, काडी, खडा. दगड जमिनीत रुतलेला नव्हता, म्हणून पंचांनी तोही ‘सुटा’ धरला आणि प्रेक्षकांतल्या गड्यांनी मिळून तो ढकलून दिला. १९९८ मध्ये फ्लोरिडात सोग्रासच्या पाण्याने वेढलेल्या सतराव्या होलवर स्टीव्ह लोवरीचा हिरवळीवर थांबलेला चेंडू एका समुद्रपक्ष्याने चोचीत धरून उचलला आणि पाण्यात टाकला. लोवरीला दंड झाला नाही. त्याने दुसरा चेंडू मूळ जागी ठेवला.

नियमांचा विषय निघालाच आहे, तर लंडनजवळच्या रिचमंड गोल्फ क्लबचे १९४० चे तात्पुरते नियम तुम्ही चौकटीत जसेच्या तसे छापायला हवेत. जर्मन विमानं बॉम्ब टाकत होती आणि लोक खेळत होते. क्लबने लेखी नियम केले. बॉम्बचे तुकडे मैदानावर दिसले तर उचलावेत, नाहीतर गवत कापायच्या यंत्राचं नुकसान होतं. गोळीबार किंवा बॉम्बहल्ला चालू असताना आडोसा घेतला तर दंड नाही. शत्रूच्या हल्ल्यामुळे चेंडू हलला तर परत ठेवता येईल. आणि फटका मारतानाच बॉम्ब फुटून लक्ष विचलित झालं तर त्याच जागेवरून दुसरा चेंडू मारता येईल, मात्र एक फटका दंड! बॉम्ब फुटला तरी दंड माफ नाही, हे ऐकून मुलं बाकं वाजवतात. मला मात्र त्या नियमांत फार मोठं धैर्य दिसतं. मरण डोक्यावर घिरट्या घालत असताना माणसांनी खेळ नीट खेळायचा ठरवला होता.

भूगोलाच्या सरांनाही मी एक-दोन गोष्टी दिल्या आहेत. स्वीडन आणि फिनलंडच्या सीमेवर, हापारांदा आणि टॉर्निओ या जुळ्या गावांत एक मैदान दोन्ही देशांत पसरलेलं आहे. दोन देशांच्या घड्याळांत एका तासाचा फरक आहे, त्यामुळे स्वीडनमध्ये मारलेला चेंडू फिनलंडमध्ये एक तास उशिराच्या वेळेला पडतो. ऑस्ट्रेलियात नलारबोर लिंक्स नावाचं मैदान आहे, त्याचे अठरा होल १३६५ किलोमीटर रस्त्यावर गावोगाव विखुरलेले आहेत. पुण्याहून गोल्फ खेळत निघालं तर जवळजवळ दिल्ली येईल. इतिहासाच्या बाईंसाठी स्कॉटलंड : लोक धनुष्यबाणाचा सराव सोडून गोल्फच्या नादी लागतात म्हणून तिथल्या संसदेने १४५७ मध्ये या खेळावर बंदी घातली. आणि १५०२ मध्ये तिथल्याच राजाने, चौथ्या जेम्सने, पर्थमधल्या एका कारागिराकडून गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या. तो कारागीर धनुष्यं बनवणारा होता.

विज्ञानालाही वाटा आहे. चेंडूवरच्या त्या खळग्या शोभेच्या नाहीत. एकोणिसाव्या शतकात गटापर्चाचे, म्हणजे एका झाडाच्या चिकाचे, गुळगुळीत चेंडू आले, तेव्हा खेळाडूंच्या लक्षात आलं की नव्या कोऱ्या चेंडूपेक्षा ओरखडे पडलेला जुना चेंडू लांब आणि सरळ जातो. खळग्यांमुळे हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून वाहते, मागे ओढणारा जोर कमी होतो. मार खाल्लेल्या चेंडूंनीच माणसाला हे शिकवलं. आणि जपानमध्ये एका फटक्यात चेंडू होलमध्ये गेला की खेळाडूने सोबत्यांना मेजवानी द्यायची, भेटवस्तू वाटायच्या अशी रीत आहे. तो खर्च इतका होतो की लोक त्यासाठी चक्क विमा उतरवतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसलो, ती. १९१३ मध्ये अमेरिकेत ब्रुकलाइन इथे अमेरिकन ओपन भरली. इंग्लंडचे दोन बलाढ्य व्यावसायिक आले होते, हॅरी वॉर्डन आणि टेड रे. त्यांच्यासमोर फ्रान्सिस विमेट नावाचा वीस वर्षांचा हौशी पोरगा. त्याचं घर मैदानाच्या समोरच, रस्त्यापलीकडे. लहानपणी त्याच मैदानावर त्याने कॅडीचं काम केलं होतं. आणि त्याची बॅग उचलायला होता एडी लोवरी, वय वर्षं दहा. शाळा बुडवून आलेला. बॅग जवळजवळ त्याच्याएवढी. तिघांची बरोबरी झाली आणि दुसऱ्या दिवशी निर्णायक फेरी ठरली. त्या सकाळी एक जण येऊन एडीला म्हणाला, हे घे पैसे आणि बॅग माझ्याकडे दे. एडीच्या डोळ्यांत पाणी आलं. विमेटने ते पाहिलं आणि सांगितलं, माझा कॅडी एडीच. विमेटचे ७२ फटके झाले, वॉर्डनचे ७७, रेचे ७८. विमेट आणि शेजारी टोपीवाला छोटा एडी, हे छायाचित्र आजही गोल्फच्या इतिहासातलं सगळ्यात लाडकं छायाचित्र आहे. मोठेपणी एडी लोवरीने गाड्यांच्या व्यवसायात मोठं नाव कमावलं. विमेट १९६७ मध्ये गेला, तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत एडी होता. विमेटच्या नावाने १९४९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये एक शिष्यवृत्ती सुरू झाली. ती कॅडींच्या आणि गोल्फ मैदानांवर काम करणाऱ्या तरुणांच्या शिक्षणासाठी आहे आणि आजही चालू आहे.

ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली तेव्हा शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, उभा राहून म्हणाला, “सर, माझे पप्पा पण कॅडी आहेत.” त्या आधी हे त्याने वर्गात कधी सांगितलं नव्हतं.

आपल्याकडेही अशी माणसं आहेत. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेला अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक गोल्फपटू ठरला, आणि १९९३ मध्ये त्याने ती पुन्हा जिंकली. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताचे दोन पुरुष गोल्फपटू होते आणि दोघांचंही पुण्याशी नातं आहे, हे किती पुणेकरांना माहीत आहे? लष्करी डॉक्टरांचा मुलगा अनिर्बन लाहिरी पुण्यात जन्मला. साठ जागांपैकी अगदी शेवटची, साठावी जागा त्याला मिळाली. पुण्याचा उदयन माने राखीव यादीत होता. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि उदयन ऑलिंपिकला गेला. आणि ७ ऑगस्ट २०२१ ची पहाट आठवा. आदिती अशोक पदकाच्या शर्यतीत होती, बॅग तिच्या आईच्या खांद्यावर होती, आणि ज्यांनी आयुष्यात गोल्फ पाहिला नव्हता ती माणसं चहाचा कप हातात धरून टीव्हीसमोर श्वास रोखून बसली होती. एका फटक्याने कांस्य हुकलं. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने सुवर्ण जिंकलं आणि साहजिकच सगळी पानं भाल्याने भरली. पण त्या पहाटे मराठी घरांत गोल्फबद्दल जी उत्सुकता जागी झाली होती, तिला पुढे कुणी काही वाचायला दिलं नाही. ती वाया गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा आता नेमकं काय करावं, तेही लिहितो. आठवड्यातून एकदा, रविवारी शक्य असेल तर रविवारी, गोल्फच्या एका खऱ्या गोष्टीची चौकट द्या. तीनशे शब्द पुरतात. गोष्ट तपासून घ्या, कारण या खेळाभोवती मीठमसाला लावलेल्या कथाही खूप फिरतात आणि मुलं छापलेलं खरं मानतात. निकालाच्या बातमीत पार, बर्डी, बोगी यांचा अर्थ कंसात एका ओळीत देत जा. स्थानिक स्पर्धा असेल तेव्हा विजेत्यासोबत त्याच्या कॅडीचं नाव छापा. तो चार-पाच तास त्याच्याबरोबर चाललेला असतो.

आणि तुमच्या एखाद्या तरुण वार्ताहराला एकदा पहाटे येरवड्यात पाठवा. काम मिळायची वाट बघत बसलेल्या जुन्या कॅडींशी त्याने बोलावं. कुणाचा चेंडू कुठल्या झाडाने अडवला, कुठल्या साहेबाने स्वतःहून आपल्यावर दंड लावून घेतला, पावसात अडकल्यावर काय झालं, हे सगळं त्यांच्या तोंडपाठ आहे. त्यातली बरीच माणसं आता साठीच्या पुढे आहेत. त्यांच्या गोष्टी कुणी लिहून घेतलेल्या नाहीत. त्यांची ओळख करून द्यायला, सोबत यायला मी तयार आहे. सकाळी शाळा भरायच्या आधी कुठल्याही दिवशी चालेल. पहिली चौकट छापून येईल तेव्हा ती एडी लोवरीची असावी, आणि छायाचित्र जरा मोठं घ्यावं, फलकावर मागच्या रांगेतल्या मुलांनाही दिसेल इतकं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
येरवड्यातील एक क्रीडाशिक्षक